आप्पांचे हात

आप्पांच्या शर्टाच्या खिशात पेन नसायचं, चष्मा नसायचा, तंबाखूची पुडीसुद्धा नसायची. पट्ट्या असायच्या. आंब्याची कलमं बांधतात ना, त्या प्लास्टिकच्या पट्ट्या, बोटभर रुंद. आणि त्या पट्टीने ते काहीही बांधायचे. म्हणजे खरंच काहीही! रिमोटचं झाकण, छत्रीची काडी, माझ्या चपलेचा अंगठा. मी लग्न होऊन आले त्याच्या तिसऱ्याच दिवशी माझ्या चार्जरची वायर उसवली. मी तो टेबलावर टाकला, आंघोळीला गेले, येऊन बघते तर वायरीला पट्टी. इतकी सफाईदार गुंडाळलेली की हा माझाच चार्जर आहे हे मला आधी कळलंच नाही. मी विचारलं, "आप्पा, तुम्ही केलंत?" तर म्हणाले, "आता चार दिवस हलवू नको गो. जुळंल."

चार्जर जुळंल! मी इतकी हसले होते. मैत्रिणींना फोन करून करून सांगितलं. पण तो चार्जर अजून चालतोय, हेही सांगायला पाहिजे.

आप्पा माझे सासरे. आमचं गाव रत्नागिरीपासून तासाभरावर, संगमेश्वरच्या बाजूला. मी रत्नागिरी शहरातल्या फ्लॅटमधली मुलगी, त्यामुळे मला झाडातलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. आप्पा जवळच्या एका नर्सरीत कलमं बांधायचे, तरुणपणापासून. पावसाळ्यात आंब्याच्या कोयी रुजतात, त्यांना तांबूस कोवळं पान येतं, तेव्हा तो कोंब वरून छाटायचा, मधोमध चीर द्यायची, चांगल्या झाडाची काडी पाचरीसारखी तासून त्यात बसवायची आणि वरून पट्टी गुंडाळायची. एवढंच. पण एवढंच शंभर माणसं करतात आणि त्यातल्या कुणाकुणाचीच कलमं जगतात. आप्पांची जगायची. मी एकदा विचारलं की तुमचं काय वेगळं असतं? ते म्हणाले, "काय नाय. बांधला की हात लावायचा नाय. लोकांना दम नाय. पट्टी सोडून बघतात, जुळला काय? बघतात नि मारतात."

आंब्याचा चीक अंगावर लागला की फोड येतात. म्हणून दुपारी जेवायला घरी आले की आप्पा आधी मागच्या दारी जायचे. हाताला खोबरेल चोळायचे, मग साबण, मग परत साबण, मग हात नाकाशी नेऊन वास घ्यायचे. डॉक्टर ऑपरेशनला जातो तसे. आणि मग ओले हात पुढे धरून पडवीत यायचे. जुई तोपर्यंत दोन्ही हात वर करून उभीच असायची. जुई म्हणजे माझी मुलगी, तेव्हा सव्वादोन वर्षांची. तिचा पहिला शब्द आई नव्हता, बाबा नव्हता. "उच" होता. उचल मधला उच. आणि तो आप्पांसाठी होता. मला थोडा राग यायचा, खरं सांगते.

आता ते सांगते, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलंय.

आमच्या पडवीला चार पायऱ्या आहेत, चिऱ्याच्या, म्हणजे लाल जांभ्या दगडाच्या. पावसात चिऱ्यावर शेवाळ धरतं, आणि चिऱ्याला भोकं असतात, त्यांच्यात ते मुरतं. वरून घासलं तरी आत असतंच. म्हणून आप्पा दर पावसाळ्यात पायऱ्यांवर माडाच्या झावळ्या टाकायचे. कुजल्या की नव्या. सगळ्या गावात असंच करतात. पण मला त्या झावळ्या बघवायच्या नाहीत. काळ्या पडलेल्या, वास मारणाऱ्या, खाली गोमा. आषाढात माझ्या दोन मैत्रिणी शहरातून येणार होत्या. आदल्या दिवशी दुपारी ऊन पडलं होतं, आप्पा नर्सरीत, आई, म्हणजे सासूबाई, झोपलेल्या. मी सगळ्या झावळ्या उचलल्या आणि माडाच्या बुंध्याशी नेऊन टाकल्या. साबणाचं पाणी ओतून खराट्याने पायऱ्या खसाखसा घासल्या. कसल्या लाल लाल दिसायला लागल्या! मी फोटोसुद्धा काढला. तो फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे.

रात्रभर पाऊस पडला, मैत्रिणींनी येणं पुढे ढकललं. आप्पा आदल्या संध्याकाळी आले ते आणि सकाळी कामावर गेले ते मागच्या दारानेच, त्यामुळे त्यांनी पायऱ्या पाहिल्याच नाहीत. दुपारी आले ते पण मागूनच. खोबरेल, साबण, साबण. जुईला उचललं. खाली खळ्यात, म्हणजे अंगणात, कोंबडीची पिल्लं निघाली होती, ती दाखवायला पडवीतून उतरले. मी आत भात वाढत होते. आधी धप्पकन आवाज आला. मग काहीच नाही. मग जुई.

आप्पा पाठीवर पडले होते, तिसऱ्या पायरीवर. जुई त्यांच्या छातीवर होती, दोन्ही हातांनी धरलेली, सोडलीच नव्हती त्यांनी. पण तिचा एक पाय त्यांच्या गुडघ्याच्या आणि पायरीच्या कडेच्या मध्ये सापडला होता. मांडी सुजून अशी झाली होती की मी बघून परत बघितलं नाही.

रत्नागिरीला जाताना गाडीत आप्पा पुढे बसले होते. त्यांच्या कोपरातून रक्त येत होतं, ते त्यांना माहीत नव्हतं आणि आम्ही कुणी त्यांना सांगितलं नाही. मांडीचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, छातीखालून पायापर्यंत प्लास्टर घालावं लागेल, सहा आठवडे. लहान मुलांचं लवकर जुळतं, काळजी करू नका. संदेश, माझा नवरा, जयगडला पोर्टात कामाला आहे, तो ड्युटीवरून थेट आला. "झालं कसं?" त्याने एवढंच विचारलं. आणि मी त्या कॉरिडॉरमध्ये, सगळ्या लोकांसमोर, आप्पांकडे बोट करून ओरडले, "ह्यांना विचार! ह्यांना स्वतःचा तोल सांभाळता येत नाही आणि माझ्या पोरीला उचलतात! ह्यापुढे माझ्या पोरीला हात लावायचा नाही, सांगून ठेवते!"

आप्पांचे हात पुढे होते, जुईची छोटी चप्पल धरलेली. त्यांनी चप्पल बाकावर ठेवली. दोन्ही हात पाठीमागे घेतले. आणि म्हणाले, "बरा."

बस. बरा.

ओरडताना मला पायऱ्या आठवत होत्या का? हो. आठवत होत्या म्हणूनच एवढ्या मोठ्याने ओरडले. हे मी तेव्हा स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

दोन दिवसांनी जुईला घेऊन घरी आलो. आप्पा आमच्या आधीच घरी आले होते, पायऱ्यांवर हिरव्यागार ताज्या झावळ्या होत्या. मी तिथेच थांबले. माझ्या मागून आई आल्या, त्यांनी खाली बघितलं आणि पडवीत उभ्या असलेल्या आप्पांना म्हणाल्या, "हे आता सुचला होय? आधीच्या कुठं गेल्या? कोनी काढल्यान?"

मी जुईला धरून उभी. तोंड उघडायला एक क्षण पुरला असता. आप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, "मीच काढल्या. कुजल्या होत्या."

"नि दुसऱ्या टाकायच्या नायत? म्हातारपनी अक्कल गेली काय तुमची?"

"गेली," आप्पा म्हणाले.

मी आत गेले. त्यांना माहीत होतं. आणि मला कळलं होतं की त्यांना माहीत आहे. आणि त्यांना हेही कळलं असणार की मला कळलंय. एका घरात, पाच माणसांत, असं राहायचं म्हणजे काय ते मला विचारा.

ते सहा आठवडे कसे गेले ते फार सांगत नाही. ज्यांच्या घरी असं झालंय त्यांनाच कळेल. बाळ छातीच्या खालून पायाच्या बोटांपर्यंत चुन्यात. दोन पायांच्या मध्ये आडवी काठी. बसता येत नाही, कुशीवर वळता येत नाही, शी-शूसाठी मध्ये भोक. बाहेर धो धो पाऊस, घरात सगळं दमट, प्लास्टरला वास यायला लागलेला. खाज सुटली की ती "आत, आत" म्हणून प्लास्टरवर हात आपटायची आणि मी काही करू शकायचे नाही. मी चिडायचे, मग रडायचे, मग भूक नसताना भात खायचे. लाईट गेली की पंखा बंद, की परत रडणं सुरू.

आप्पा दुपारी यायचे. खोबरेल, साबण, परत साबण. हाताचा वास घ्यायचे. आणि मग ते स्वच्छ हात पाठीमागे बांधून जुईच्या गादीपासून दोन हात अंतरावर उभे राहायचे. रोज! मला वाटायचं, आता कशाला धुतात हे हात? कोणासाठी? एकदा आईंनी पण विचारलं. तर म्हणाले, "सवय."

हात न लावता जे जे करता येईल ते सगळं त्यांनी केलं. जुन्या पाटाला चार बेरिंगं लावली, वर गोधडी घातली, पुढे ही लांब दोरी. जुईला त्यावर मी झोपवायचे आणि ते दोरी धरून तिला पडवीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढायचे, हळू, फार हळू, तोंडाने एसटीचा आवाज काढत. "चला, देवरूख! देवरूख! उतरनारे दरवाजात या!" जुई झोपल्या झोपल्या हसायची. दोरी एवढी लांब कशाला, असं मी एकदा विचारणार होते. नाही विचारलं. तिच्या बाहुलीच्या पायाला त्यांनी पट्टी बांधली, अगदी कलमाला बांधतात तशी, खालून वर, शेवटी गाठ आत दडवलेली. जुईला लांबूनच दाखवली, माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "तिला सांग, बाय, दोघींचा एकदमच सुटंल. तोपर्यंत नख लावायचा नाय." आणि ती ऐकायची! मी हजारदा सांगून न ऐकणारी पोरगी बाहुलीची पट्टी सोडायची नाही म्हणून प्लास्टर पण ओरबाडायची नाही.

प्लास्टर निघालं श्रावणात. पाय काडीसारखा झाला होता, कातडी सुटत होती. पण ती उभीच राहीना. पाय टेकला की किंचाळायची. डॉक्टर म्हणाले हाड छान जुळलंय, तिला भीती आहे, तिची ती चालेल, मागे लागू नका. मी मागे लागले. चॉकलेट दाखवलं, टीव्ही लावला, रागावले, एकदा चापट पण मारली. नाही म्हणजे नाही. मला स्वप्नं पडायची की ती शाळेत लंगडत जातेय.

आप्पा नर्सरीतून एक कोय घेऊन आले. रुजलेल्या कोयीचं टोक दगडावर घासून फुंकलं की पिपाणी वाजते, आमच्याकडच्या सगळ्या पोरांना माहीत असतं, मलाच माहीत नव्हतं. ते पडवीच्या टोकाला जाऊन जमिनीवर बसले आणि पिपाणी वाजवायला लागले. बोलवलं नाही, काही नाही. आपलं वाजवत बसले. दुसऱ्या दिवशी परत, तिसऱ्या दिवशी परत. चौथ्या दिवशी जुई रांगत अर्ध्यापर्यंत गेली. मी म्हटलं, "आप्पा, थोडे जवळ या ना, तिला जमेल." ते म्हणाले, "नको. कलम वर ओढून वाढत नाय."

आणि मग तो दिवस. मी स्वयंपाकघराच्या दारात होते. जुईने खांबाला धरलं, उभी राहिली, खांब सोडला. मी पटकन फोन काढला आणि व्हिडिओ सुरू केला. एक पाऊल, दोन, तीन. डुलत डुलत. पाच. आप्पा पिपाणी टाकून उभे राहिले होते. ती त्यांच्यासमोर जाऊन थांबली, दोन्ही हात वर केले आणि म्हणाली, "आप्पा, उच."

आप्पांचे हात पुढे आले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. आणि हात पाठीमागे घेतले.

त्यांनी मला विचारलं होतं. शब्द नाही वापरला, पण विचारलंच होतं. मला फक्त "घ्या ना आप्पा" एवढं म्हणायचं होतं. आणि मी काय केलं? मी व्हिडिओ काढत होते. व्हिडिओत माझा आवाज येतो, "वाव! वाव जुई! चालली माझी बाय!" जुई हात वर करून उभीच आहे, मग ती खाली बसते आणि रडायला लागते, तिथे मी व्हिडिओ थांबवला. फॅमिली ग्रुपवर टाकला. किती अंगठे, किती हार्ट आले. कुणाचंच लक्ष म्हाताऱ्याच्या हातांकडे गेलं नाही. माझं पण रात्री, तिसऱ्यांदा बघताना, तेव्हा कुठे गेलं.

मी ठरवलं की सांगायचं. झावळ्यांचं पण सांगायचं, सगळ्यांसमोर, जसं ओरडले होते तसंच सगळ्यांसमोर. पण मला चांगला मुहूर्त पाहिजे होता ना! गणपती पंधरा दिवसांवर आले होते. संदेशला सुट्टी मिळणार होती. मी मनात सगळं रंगवून ठेवलं, गणपती बसला की आरतीच्या आधी जुईला उचलायचं, आप्पांच्या हातात द्यायचं आणि बोलायचं. मला ते दृश्य इतकं आवडलं की मी त्याच्यासाठी थांबले. मधले सगळे दिवस आप्पा हात धुवून, हात मागे बांधून माझ्यासमोर उभे होते, आणि मी थांबले.

गणपतीला चार दिवस असताना ते नर्सरीत गेले ते गेलेच. दुपारी जेवायला आले नाहीत. जुई पडवीत हात वर न करता नुसती उभी होती. तिने हात वर करणं तोपर्यंत सोडलं होतं. तिथे त्यांच्यासोबत काम करणाऱ्या सुगंधामावशी सांगत आल्या. शेडमध्ये पिशव्यांना टेकून बसले होते, सगळ्यांना वाटलं डोळा लागला. हाक मारली तर उठेनात. "हातात पट्टी तशीच होती गो," मावशी म्हणाल्या, "अर्धी गुंडाळलेली. त्या कोंबाला आम्ही मग हात नाय लावला."

सुतक आलं. त्या वर्षी आमच्याकडे गणपती आला नाही. गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती करतात तिथे, दिलेला पाट रिकामाच परत आला, संदेशने तो भिंतीला उभा करून ठेवला.

बाराव्याला माणसं जमली होती. संदेशची आत्या, आप्पांची धाकटी बहीण, मुंबईहून आली होती. तिने जुईला मांडीवर घेऊन विचारलं, "आप्पा आठवतात काय गो तुला? कसे होते आप्पा?"

जुई मांडीवरून उतरली. सगळ्यांच्या मधोमध उभी राहिली. आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"अय्यो, बगा बगा! मी पोरीचा पाय बगायला आलेली तेवा अगदी तसाच उभा होता," आत्या म्हणाली, आणि हसता हसता रडायला लागली. सगळेच रडले. सगळ्यांना वाटलं, म्हाताऱ्याची ऐट पोरीने बरोब्बर उचलली. मी उठून मागच्या दारी गेले. तिथे कोनाड्यात खोबरेलची बाटली आणि साबणाची चकती होती, साबण कोरडा पडून चिरला होता. त्या रात्री मी संदेशला सगळं सांगितलं. तो कूस बदलून झोपला. त्याने मला अजून त्याबद्दल काही म्हटलेलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

आईंना मी सकाळी सांगितलं. म्हटलं, आई, झावळ्या आप्पांनी नव्हत्या काढल्या, मी काढल्या होत्या. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "म्हायत हाय. माडाच्या बुडात फेकलेल्या बगितल्या मी मागनं. ते कदी तिथं टाकायचे नायत, कोयींच्या वाफ्यावर घालायचे."

"मग तुम्ही मला बोलला का नाहीत?"

"त्यानी शपथ घातलानी. पोरगी लान हाय, आधीच पोराच्या पायानं मोडलीय, तिला बोलू नको, म्हनाले." मग त्यांनी सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. "मना कशाला सांगतंस आता? त्याना सांगायचास."

मी सूप उचललं आणि उरलेले तांदूळ निवडायला बसले.

यंदा पायऱ्यांवर झावळ्या मी टाकते. दर आठवड्याला बदलते, कुजायची वाट बघत नाही. जुई आता तीन वर्षांची झाली, धावते, पडते, पाय एकदम ठणठणीत आहे, कोणता मोडला होता ते सांगितल्याशिवाय कळत पण नाही. अंगणवाडीत जाते. पिपाणी आठवत नाही तिला, पाटाची गाडी आठवत नाही, देवरूखची एसटी आठवत नाही. मी सगळं करून दाखवलं, ती माझ्या तोंडाकडे बघत बसली.

काल ती वरच्या पायरीवर उभी होती, हात मागे घेऊन. मी खाली झावळी सरळ करत होते. मी वर गेले, तिचे हात सोडवले, पुढे आणले, माझ्या हातात धरले आणि म्हटलं, "आप्पा असे नव्हते गं, बाळा. आप्पा तुला उचलायचे. असे. दोन्ही हातांनी."

तिने हात सोडवून घेतले आणि परत मागे नेले.

"नाय," ती म्हणाली, "आप्पा अस्से."